कुटुंबाला परदेशी न्यायचे आहे? आधी हिशेब, मग कागद, शेवटी तिकीट

मुंब्रा, कौसा, राबोडी, महागिरी किंवा कल्याणचा दूधनाका, यांपैकी कोणत्याही मोहल्ल्यात दहा घरे फिरलात तर दोन-तीन घरांतला कर्ता माणूस दुबई, दम्माम, कुवेत किंवा दोहा येथे असल्याचे कळेल. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत कामगारांची मागणी वाढली, तेव्हापासून हा सिलसिला सुरू आहे. आमचे वेल्डर, फिटर, शिंपी, सुतार, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक आणि हिशेबनीस तिकडे गेले. त्यांच्या पैशांतून बहिणींची लग्ने झाली, कौशात फ्लॅट उभे राहिले, धाकट्या भावाला दुकान थाटून मिळाले. मात्र एका गोष्टीची किंमत कोणत्याच वहीत लिहिली गेली नाही. दोन वर्षांतून एकदा चाळीस दिवसांसाठी येणारा बाप मुलाला पाहुणा वाटू लागतो, ही ती गोष्ट.

म्हणून आज ना उद्या प्रत्येकाच्या मनात येते की बायको-मुलांना तिकडेच बोलावून घ्यावे. इच्छा रास्त आहे. परंतु या कामात आमच्या बांधवांचे पैसे आणि वेळ फार वाया जातात, कारण बहुतेक जण तिकिटापासून सुरुवात करतात आणि कागदांचा विचार एजंटावर सोडतात. खरा क्रम उलटा आहे. आधी हिशेब, मग कागद आणि सर्वांत शेवटी तिकीट. याच क्रमाने आम्ही हा विषय मांडत आहोत.

कोणाला नेता येते?

आखाती देशांत कुटुंबाचा व्हिसा हा कमावत्या माणसाच्या इकाम्याला, म्हणजे वास्तव्य परवान्याला, बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली की कुटुंबाचा मुक्कामही संपतो. तिथे कितीही वर्षे राहिलो तरी नागरिकत्वाची वाट सामान्यतः उघडत नाही. तेव्हा हे कायमचे स्थलांतर आहे असे समजून इथले घर विकण्याची चूक कोणी करू नये.

दुसरी बाब नात्याची. कुटुंब म्हणजे प्रामुख्याने पत्नी आणि मुले. आईवडिलांसाठी अटी वेगळ्या आणि बऱ्याच कडक असतात. भाऊ, मेहुणा, पुतण्या यांना ‘फॅमिली व्हिसा’वर नेता येत नाही; त्यांना स्वतःचा नोकरीचा व्हिसाच लागतो. ‘भावाला फॅमिलीत घालून देतो’ असे कोणी सांगत असेल तर तो एक तर अडाणी आहे किंवा लबाड.

पगाराची अट

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबी वगैरे ठिकाणी, पूर्वी पेशा पाहिला जात असे. २०१९ मध्ये हा नियम बदलला आणि पेशाऐवजी उत्पन्न हा आधार ठरला. पत्नी-मुलांना बोलावण्यासाठी महिना ४ हजार दिरहम पगार, किंवा ३ हजार दिरहम आणि मालकाकडून राहण्याची जागा, अशी अट आहे. यामुळे ड्रायव्हर किंवा मेकॅनिकलाही दार उघडे झाले. अविवाहित मुलीसाठी वयाची मर्यादा नाही. मुलाला पूर्वी १८ वर्षांपर्यंतच ठेवता येत असे. २०२२ च्या सुधारणेनंतर अविवाहित मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत बापाच्या व्हिसावर राहू शकतो.

पगार पुरेसा असूनही अनेकांचे घोडे एका ठिकाणी अडते. कुटुंबासाठी भाड्याचा नोंदणीकृत करार दाखवावा लागतो. आमचे बहुतेक कारागीर ‘बेड-स्पेस’वर, म्हणजे एका खोलीत सहा-आठ जण मिळून राहतात. खाटेच्या भाड्याची पावती करार म्हणून चालत नाही. स्वतःच्या नावावर स्वतंत्र जागा घ्यावी लागते आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. त्यावर शाळेची फी येते. दुबईत पत्नी-मुलांच्या आरोग्य विम्याची जबाबदारीही त्यांना बोलावणाऱ्यावरच असते.

कुवेतने कुटुंबाचे व्हिसा २०२२ मध्ये थांबवले होते. जानेवारी २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, पण ८०० दिनार पगार आणि पदवी या अटींवर. त्यातली पदवीची अट त्याच वर्षी जुलैमध्ये शिथिल झाली, पगाराची राहिली. ८०० दिनार ही रक्कम साध्या कारागिराच्या आवाक्याबाहेरची आहे. कतारमध्येही खासगी नोकरीतल्या माणसाकडून चांगल्या पगाराची अपेक्षा असते आणि मालकाने कौटुंबिक निवास दिला असेल तर त्यात सवलत मिळते.

सौदी अरेबियात अजूनही इकाम्यावर लिहिलेला पेशा महत्त्वाचा ठरतो. माणूस प्रत्यक्षात सुपरवायझरचे काम करत असेल, पण इकाम्यावर ‘आमिल’, म्हणजे मजूर, असे लिहिलेले असेल तर कुटुंबाच्या अर्जाला अडचण येते. म्हणून नवा व्हिसा घेतानाच त्यावर कोणता पेशा लिहिला आहे हे वाचून घ्यावे. नंतर पेशा बदलणे कंपनीच्या मर्जीवर असते.

सौदीचा हिशेब वहीत मांडून पाहा

सौदी सरकारने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीवर मासिक शुल्क लावले. पहिल्या वर्षी ते महिना १०० रियाल होते. दरवर्षी शंभराने वाढत जुलै २०२० पासून ते माणशी ४०० रियाल झाले. त्या काळात कित्येक भारतीय कुटुंबे सामान बांधून परत आली. आमच्या भागातल्या शाळांतही अशी मुले वर्षाच्या मध्येच दाखल झाली.

आता समजा, कल्याणचा एक इलेक्ट्रिशियन जेद्दाहमध्ये महिना ४ हजार रियाल कमावतो. पत्नी आणि दोन मुले अशी तीन माणसे त्याने नेली. तिघांचे शुल्क महिना १,२०० रियाल, वर्षाचे १४,४०० रियाल. म्हणजे वर्षातला साडेतीन महिन्यांहून अधिक पगार केवळ या शुल्कात गेला. भाडे, शाळा, राशन आणि तिकिटे अजून मोजलीच नाहीत. एका रियालचे २३ रुपये धरले तर हे ३ लाख ३१ हजार रुपये होतात. दोन वर्षांत साडेसहा लाखांवर रक्कम जाते. एवढ्या भांडवलात इथे शिवणकामाचा छोटा कारखाना किंवा फॅब्रिकेशनचा गाळा उभा करता येतो.

हा हिशेब मांडण्यामागे कुटुंब नेऊ नका असे सांगण्याचा हेतू नाही. मुलांसोबत राहणे ही देखील कमाईच आहे आणि तिचे मोल रुपयांत होत नाही. पण निर्णय डोळे उघडे ठेवून व्हावा. वहीचे एक पान घ्या. डाव्या बाजूला पगार लिहा. ओव्हरटाइम धरू नका, कारण तो कायम राहत नाही. उजव्या बाजूला शुल्क, भाडे, शाळा, विमा, राशन, वर्षातून एकदा सर्वांची तिकिटे आणि इथे आईवडिलांना पाठवायची रक्कम लिहा. शेवटी काही उरत नसेल आणि नोकरी गेल्यास तीन महिने काढण्याची सोय नसेल, तर थोडे थांबावे.

निकाहनामा आणि विवाह प्रमाणपत्र

हिशेब जमला की कागद. यातला पहिला आणि सर्वांत जास्त चुकणारा कागद म्हणजे विवाहाचे प्रमाणपत्र. काझीसाहेबांनी दिलेला उर्दू निकाहनामा शरीयतच्या दृष्टीने पूर्ण आहे, परंतु परदेशी व्हिसासाठी सहसा सरकारी नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले जाते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी करण्याची व्यवस्था केली आहे. पती किंवा पत्नी जिथे राहते तिथल्या विवाह निबंधकाकडे, म्हणजे ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या संबंधित कार्यालयात, ज्ञापन भरावे लागते. मुदत विवाहापासून ९० दिवसांची आहे. त्यानंतरही नोंदणी होते, पण दंड भरावा लागतो.

अडचण कुठे येते ते पाहा. मुलगा चाळीस दिवसांच्या रजेवर येतो. दहाव्या दिवशी निकाह, मग वलीमा, दावती, कोकणातल्या गावची फेरी. रजा संपते आणि तो उडून जातो. नोंदणीसाठी नवरा-बायको दोघांनी आणि तीन साक्षीदारांनी हजर राहावे लागते. आता नवरा पुढच्या रजेवर येईपर्यंत काहीच होत नाही. कोऱ्या निकाहनाम्याच्या शेजारी बसून वधू दोन वर्षे वाट पाहते. म्हणून आमचा आग्रह असा की विवाह नोंदणी हा निकाहच्याच तयारीचा भाग समजावा. पत्रिका छापायला टाकता त्याच वेळी ओळखपत्रे, राहण्याचे पुरावे, वयाचे पुरावे, छायाचित्रे आणि साक्षीदार ठरवून ठेवा. वलीम्यानंतरचा पहिला कामकाजाचा दिवस नोंदणीसाठी राखून ठेवा. मोहल्ल्याच्या जमातींनी आणि काझीसाहेबांनी निकाहच्या वेळी ही आठवण करून दिली तर कित्येक घरांचे भले होईल.

नाव एकच, स्पेलिंग एकच

आमच्या नावांचा प्रश्न जुनाच आहे. बापाच्या पासपोर्टवर ‘मोहम्मद’ पूर्ण, मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचे संक्षिप्त रूप. शाळेत ‘शेख’ एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या. उच्चार एकच असल्याने आपल्याला फरक वाटत नाही, पण व्हिसाच्या खिडकीवर ती दोन वेगळी माणसे ठरतात. सर्व कागद टेबलावर मांडून बापाचा पासपोर्ट प्रमाण माना आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. अनेक भगिनींच्या पासपोर्टवर फक्त एकच नाव असते आणि आडनावाची जागा रिकामी असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने असे एकनावी पासपोर्ट भेटीच्या व्हिसासाठी नाकारायला सुरुवात केली आणि काही जण विमानतळावरून परतले. पुढे दुसऱ्या पानावर वडिलांचे वा कुटुंबाचे नाव असल्यास सूट दिली गेली. तरीही नवा पासपोर्ट काढताना दोन्ही रकाने भरणेच शहाणपणाचे. ठाणे-कल्याणच्या रहिवाशांना वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्र सोयीचे पडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. डिसेंबर २०१६ च्या नियमांनी पासपोर्ट काढताना विवाह प्रमाणपत्र देण्याची सक्ती उठवली. त्यामुळे काहींचा समज झाला की ते आता कुठेच लागत नाही. व्हिसासाठी ते लागतेच.

मुलांच्या जन्मदाखल्यावर मुलाचे नाव आहे का तेही पाहा. प्रसूतिगृहातून नोंद जाते तेव्हा बाळाचे नाव ठरलेले नसते आणि रकाना कोरा राहतो. नंतर महापालिकेत जाऊन नाव भरून घ्यायचे राहून जाते. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांत जे आधी येईल तितकाच चालतो. व्हिसाच्या अर्जाआधी त्याची मुदत तपासा.

साक्षांकनाचा प्रवास

मूळ प्रमाणपत्र हातात आले म्हणजे काम झाले असे नाही. ते खरे आहे याची मोहोर लागते. पहिला टप्पा राज्य सरकारच्या पडताळणीचा, दुसरा केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. इथून वाट दुभंगते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. ओमान व बहरीनही त्यात आहेत आणि सौदी अरेबियासाठी हा करार डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. अमिराती, कुवेत आणि कतार यांच्यासाठी मात्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचाही. अरबी भाषांतर अधिकृत अनुवादकाकडूनच करून घ्यावे.

अपोस्टिलचे सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांचा सेवा आकारही माफक असतो. त्यामुळे कोणी एका कागदासाठी कित्येक हजार मागत असेल तर त्यात सरकारचे किती आणि त्याचे किती, हे लेखी मागा. मूळ कागद देण्याआधी त्याची रंगीत प्रत काढून ठेवा आणि पोचपावती घेतल्याशिवाय कागद हातचा सोडू नका.

भेटीचा व्हिसा

ज्यांचा हिशेब कायमच्या मुक्कामाला पुरत नाही त्यांच्यासाठी शाळेच्या सुट्टीत भेटीचा व्हिसा हा मधला मार्ग आहे. आईवडिलांनाही बहुधा याच मार्गाने नेले जाते. त्याचे नियम वरचेवर बदलतात. सौदीने फेब्रुवारी २०२५ पासून भारतासह १४ देशांच्या नागरिकांना अनेक वेळा ये-जा करण्याचा व्हिसा देणे थांबवून एकाच प्रवेशाचा व्हिसा द्यायचे ठरवले. म्हणून मागच्या वर्षी शेजाऱ्याला काय मिळाले यावर विसंबू नका. अर्जाच्या दिवशीचा नियम पाहा. मुदत ओलांडून राहणे तर कधीच परवडत नाही. अमिरातीत जादा राहिलेल्या दर दिवसाला ५० दिरहम दंड आहे.

इथे एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. सौदीच्या भेटीच्या व्हिसावर हज करता येत नाही. ‘अम्मीला भेटीला बोलावतो आणि हजही करवून आणतो’ हा विचार कितीही नेक असला तरी हजचा अधिकृत परवाना लागतोच. २०२५ मध्ये विनापरवाना हजसाठी २० हजार रियालपर्यंत दंड जाहीर झाला होता आणि अशा लोकांना आसरा देणाऱ्यांसाठी त्याहून मोठा. २०२४ च्या हजमध्ये कडक उन्हाने १,३०१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले ८३ टक्के विनापरवाना होते, असे सौदी सरकारने सांगितले. परवाना नसल्याने तंबू, बस आणि थंडाव्याची सोय त्यांना मिळाली नव्हती. म्हाताऱ्या आईवडिलांना या संकटात लोटू नये.

ब्रिटन, कॅनडा, अमेरिका

कोकणी मुस्लिम कुटुंबे ब्रिटनमध्येही पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि तिकडची स्थळेही येतात. तिथे जोडीदाराला बोलावणाऱ्याचे किमान वार्षिक उत्पन्न एप्रिल २०२४ पासून २९ हजार पौंड ठरले. पूर्वी ते १८,६०० होते. जोडीदाराला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आईवडिलांना कायमचे नेण्याची वाट २०१२ पासून जवळपास बंदच आहे. वृद्धांची सेवा करणाऱ्या ‘केअर वर्कर’ना मार्च २०२४ पासून कुटुंब नेता येत नाही, हे त्या कामासाठी पैसे भरण्यापूर्वी जाणून घ्या.

कॅनडात आईवडिलांसाठी ‘सुपर व्हिसा’ आहे. तो दहा वर्षांपर्यंतचा असतो आणि २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. बोलावणाऱ्याचे उत्पन्न आणि आरोग्य विमा मात्र दाखवावा लागतो. अमेरिकेत नागरिकाला भाऊ-बहिणीसाठी अर्ज करता येतो, पण भारतीयांची रांग वीस वर्षांच्या आसपास आहे. आज अर्ज केला तर भाच्याचे लग्नही तोवर होऊन जाईल, आणि २१ वर्षांवरील मुले सहसा त्या अर्जातून गळतात.

एजंटाशी व्यवहार

कुटुंबाच्या व्हिसासाठी अर्ज परदेशातल्या माणसानेच करायचा असतो. त्यासाठी इथल्या भरती एजंटाची गरज नाही. नोकरीचा व्हिसा वेगळा. त्यासाठी एजंट भारत सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेटच्या यादीत पाहावे. त्याने घ्यायची फी कायद्याने ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी इतकीच आहे. ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे कामाला लावतो’ असे म्हणणारा माणूस तुमच्या भावाला बेकायदा मजूर बनवतो. दहावी नापास असलेल्या आणि पासपोर्टवर ‘ईसीआर’ शिक्का असलेल्या व्यक्तीला आखातात नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते. पत्नी म्हणून नवऱ्याकडे जाणाऱ्या स्त्रीला ती लागत नाही. या एका गैरसमजावर कित्येकांनी पैसे उकळले आहेत.

परतीची तयारी

शेवटची गोष्ट परतीची. आखातातून एक दिवस यावेच लागते. मुलांना अशा शाळेत घाला की तिथला अभ्यासक्रम ठाणे-कल्याणमध्ये पुढे चालू ठेवता येईल आणि शाळा सोडल्याचा दाखला साक्षांकित करून आणा. अमिरातीबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास तिथला वास्तव्य परवाना सहसा बाद होतो, हे लक्षात ठेवून रजा घ्या. आणि इथला धंदा, मग ते छोटे दुकान असो की भावाच्या हाती दिलेला गाळा, बंद करू नका. तिकडचा कफील एका कागदाने तुमची नोकरी संपवू शकतो. इथली स्वतःची मशीन तशी कोणी काढून घेत नाही.

तेव्हा या रजेत येणाऱ्या आपल्या माणसाकडे अत्तर आणि खजुराबरोबर पगाराची स्लिप आणि इकाम्याची प्रतही मागा. एका संध्याकाळी घरातल्या सर्वांनी बसून हिशेब करा. त्यात बायकोचे मतही घ्या, कारण घर सोडून जायचे आहे ते तिला. दुसऱ्या सकाळी कागदांची पिशवी घेऊन महापालिकेच्या कार्यालयात जा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि दूर असलेल्यांना आपल्या माणसांत आणो.